वाहिद माझ्याकडे, जमा तुझ्याकडे

हर खास व आम, शेतकरी, व्यापारी, वकील, मोंढ्यातले हमाल आणि शाळा बुडवून स्टेशनावर हिंडणारी पोरं, सर्वांना इत्तिला देण्यात येते की परभणी जिल्ह्यावर एक भारी संकट आलेलं आहे. जर्मन भाषेतल्या नामांची अनेकवचनं बिनचूक सांगणारा एकमेव इसम या मुलखातून निघून गेला आहे. वर चारठाण्यापासून खाली गंगाखेडच्या घाटापर्यंत यापुढे कोणालाही जर्मन भाषेत एकापेक्षा जास्त वस्तू मागायच्या असतील, तर त्यानं त्या एकेक करून मागाव्यात. सरकारकडे याचा इलाज नाही.

विश्वनाथ, ही दवंडी मी परवा दुकानात उभं राहून, रंगाच्या रिकाम्या डब्यावर माप वाजवत, मोठ्यानं दिली. दुकानात कोणीच नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, "दाजी, 'संकट आलेलं आहे' नका म्हणू, 'आफत नाजिल झाली' म्हणा, म्हंजे सरकारी वाटतंय." तुझी अक्का आतून म्हणाली, "कुणाशी बोलायलात वं?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक हाय." ती बाहेर आली नाही. गिऱ्हाईक नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला.

तू जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात, बसतात, तुझ्या हुशारीबद्दल बोलतात, शाळेतली पोरं तुला किती मानायची ते सांगतात. मी मान हलवतो. पण त्यांच्या बोलण्यातला विश्वनाथ मास्तर मला ओळखीचा वाटत नाही. माझ्या ओळखीचा विश्वनाथ लग्नाच्या बैलगाडीतून उतरलेला आहे, नाक पुसत.

नवरीसोबत पाठराखीण येते. कोणाची आत्या येते, कोणाची मावशी. पेडगावहून माझ्या नवरीसोबत आलास तू. आई गेलेली, बाप त्याआधीच गेलेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून पाठराखीण म्हणून पाच-सहा वर्षांचा भाऊ. माझ्या मावशीनं कपाळावर हात मारून घेतला. "अशी दाढी-मिशी फुटणारी पाठराखीण मी जन्मात पाह्यली न्हाई," म्हणाली. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. तू गेलाच नाहीस. परत जाण्यासारखं तिकडे कोणी नव्हतं, आणि अक्कानं तुझा हात सोडला नव्हता. मला सासरहून काय मिळालं असं कोणी विचारलं की मी सांगायचो, "बायको, आणि तिच्यावर मेहुणा फुकट." तू मोठा झाल्यावर त्यात दुरुस्ती केलीस: "उलट हाय दाजी. तुमाला मेहुणा मिळाला. बायको वरून."

आपल्या दुकानात रंगाचे डबे जर्मनीहून यायचे. नीळ, लाल, हिरवा, आणि तो जांभळा, ज्यात बोट बुडालं तर सणापर्यंत निघायचं नाही. डब्यावरची अक्षरं कोणाला वाचता यायची नाहीत, म्हणून ती आम्ही वाचतही नव्हतो. तू वाचायचास. नुसतं वाचून थांबला नाहीस. हैदराबादला कॉलेजात रसायन शिकायला गेलास, आणि तिथे जर्मनीत शिकून आलेले एक प्रोफेसर संध्याकाळी हौशी पोरांना फुकट जर्मन शिकवायचे, त्यांच्याकडे जाऊन बसलास. पहिल्या सुट्टीत घरी आलास तेव्हा बगलेत एक जाडजूड व्याकरण होतं आणि तोंड उतरलेलं.

"दाजी, लय बेकार भाषा हाय," तू पोत्यावर बसत म्हणालास. "एकाचे दोन करायला कायदाच न्हाई."

मग तू समजावून सांगितलंस. कुठे शब्दाच्या शेवटी 'एन' लागतो, कुठे 'एर', कुठे नुसता 'ए', कुठे 'एस'. कुठे शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो. कुठे पोटही बदलतं आणि शेपूटही फुटतं. आणि कुठे काहीच होत नाही, एक असो की शंभर, शब्द आपला जागच्या जागी. भाऊ म्हणजे ब्रूडर, अनेक भाऊ म्हणजे ब्र्यूडर. बहीण म्हणजे श्वेस्टर, अनेक बहिणी म्हणजे श्वेस्टर्न. "भावाला आतून काहीतरी व्हतंय आणि बहिणीला मागून," तू म्हणालास. "का, ते इचारायचं न्हाई."

मी मात्र खूश झालो. "अरे येड्या, हे तर मौलवीसाहेबांचं वाहिद-जमा!"

आजच्या पोरांनाही हे सांगायला नको, ती अजून तेच करतात. पण हा कागद उद्या कोणा दूरच्या माणसाच्या हाती पडला तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. राज्याची सरकारी भाषा उर्दू, म्हणून आपल्या शाळेत शिकवणंही उर्दूत. उर्दूत अरबीतून आलेल्या शब्दांचं अनेकवचन शब्दाचं पोट फाडून करतात. किताब एक, तर कुतुब अनेक. शजर म्हणजे झाड, अशजार म्हणजे झाडं. एकवचन म्हणजे वाहिद, अनेकवचन म्हणजे जमा. घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना हे उमजून घेण्याची सोय नव्हती, म्हणून मौलवीसाहेबांनी उमजण्याची अटच काढून टाकली होती. एका पोरानं उभं राहून वाहिद ओरडायचा, बाकी वर्गानं मागेपुढे डुलत जमा ओरडायची. "किताब!" "कुतुब!" "मस्जिद!" "मसाजिद!" ओरडता ओरडता एक चाल लागायची, आणि चालीत शब्द असा बसायचा की उपटून निघत नसे. त्याच मौलवीसाहेबांच्या हाताखालून मी गेलो, माझ्यामागून पुष्कळ वर्षांनी तू गेलास. चाल तीच होती.

तेव्हा ठरलं. मी वाहिद ओरडणार, तू जमा. ती सुट्टी, पुढची सुट्टी आणि त्यापुढच्या सगळ्या. मी गिऱ्हाइकाला रंग मोजून देताना मध्येच ओरडायचो, "किंट!" तू पोत्यावर डुलत, "किंडर!" मी, "हाउस!" तू, "हॉयझर!" मी, "बूख!" तू, "ब्यूखर!" खेड्यातून लुगडं रंगवायला रंग न्यायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीनं अक्काला विचारलं, "तुमच्या भावाला कुणी करणी केली का?" अक्का म्हणाली, "भावाला न्हाई. नवऱ्याला."

यावरून आपलं भांडण जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, या सगळ्याखाली कुठेतरी कायदा असलाच पाहिजे. तू रसायनवाला. दोन पदार्थ मिसळले की प्रत्येक वेळी तोच रंग येतो, मग शब्दांचं का नाही? तू म्हणायचास, "निदान 'उंग'नं संपणारे शब्द तरी बघा. झाडून सगळ्यांना 'एन' लागतंय. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई."

"ते सरकारी नोकर असतील," मी म्हणायचो.

"दाजी, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. मराठीत तरी कायदा दाखव. भिंतीच्या होतात भिंती. मग वाटेच्या वाटी का नाही होत? वाटा का होतात? तुला कोणी शिकवलं? शब्द म्हणजे भावकीतली माणसं, बाबा. कोण कशानं रुसतो ते एकेकाचं लक्षात ठेवायचं. भावकीला कायदा लावून बघ, जेवायला कोणी येणार नाही."

"तुमाला कायद्याचाच कंटाळा हाय."

"आणि तुला माणसांचा."

यावर तू रागावून घरात जायचास, आणि थोड्या वेळानं आतूनच ओरडायचास, "वाहिद बोला की! का झोपले?"

मग राज्याच्या वजिफ्याची जाहिरात आली. काही पोरांना सरकारी खर्चानं जर्मनीला पाठवणार, रंगांचं रसायन शिकायला. अट एकच, भाषेची तोंडी परीक्षा. मी मालाच्या खरेदीचं निमित्त काढून तुझ्यासोबत हैदराबादला आलो. हे निमित्त अक्कानं मानलं नाही, पण दशम्या दोघांना पुरतील एवढ्या बांधल्या.

तो व्हरांडा मला अजून दिसतो. आत टेबलामागे तिघे. मधले पांढऱ्या दाढीचे नवाबसाहेब, शेजारी चष्मेवाले कोणी अंमलदार, आणि तुझे प्रोफेसर. तू आत गेलास. मी खिडकीखाली बाकावर, शेजारी चपराशी. प्रोफेसरांनी अगदी हळू, सभ्य आवाजात पहिला शब्द विचारला. उत्तर नाही. दुसरा विचारला. उत्तर नाही. तेव्हा काय चुकलं ते मला कळलं. तुला शब्द येत होते, पण ते चालीवर येत होते. कोणी ओरडल्याशिवाय आणि तू डुलल्याशिवाय ते निघणार नव्हते, आणि खुर्चीत बसून नवाबासमोर डुलणं तुला जमेना. एवढी वर्षं आपण विहीर खणली होती आणि दोर मात्र दुकानात विसरून आलो होतो.

मी उठलो आणि खिडकीकडे तोंड करून मौलवीसाहेबांच्या चालीत ओरडलो, "किंट!"

आतून छपराला हादरा बसेल असं आलं, "किंडर!"

"हाउस!"

"हॉयझर!"

चपराशी माझा दंड धरून म्हणाला, "किसकू पुकार रहे मियाँ?" मी म्हटलं, "मेरे साले को," आणि पुढचा शब्द टाकला. "मान!" आतून, "मेनर!" तेवढ्यात घंटी वाजली आणि मला आत नेण्यात आलं.

नवाबसाहेबांनी तुझ्याकडे बघून विचारलं, "ये कौन हैं?"

"मेरे बहनोई हैं, हुजूर."

"आप भी जर्मन जानते हैं?" त्यांनी मला विचारलं.

मी हात जोडले. "जी नहीं हुजूर. मैं सिर्फ वाहिद जानता हूँ. जमा इनके पास है."

अंमलदार कपाळाला आठ्या घालून काही लिहायला लागला. पण नवाबसाहेब खुर्चीत मागे रेलले, माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि एकदम, कसलीही पूर्वसूचना न देता, म्हणाले, "शजर!" आपण दोघं एका दमात, "अशजार!" म्हातारबाबा हसून हसून दाढी पुसायला लागले. त्यांनीही कुठल्यातरी मौलवीसाहेबांसमोर डुलून घेतलेलं असणार. मग त्यांनी सांगितलं की बहनोई इथेच उभे राहून वाहिद सांगतील, उमेदवारानं जमा सांगावी, आणि प्रोफेसरसाहेबांनी निव्वळ चुका मोजाव्यात. प्रोफेसरसाहेबांना मोजायला काही मिळालं नाही.

परतीच्या गाडीत तू खिडकीतून बाहेर बघत हसत होतास. मी उभ्या डब्याला ही गोष्ट सांगितली, प्रत्येक स्टेशनावर चढलेल्या नव्या माणसांसाठी पहिल्यापासून.

निवड झाल्याचा कागद आला तेव्हा अक्कानं देवापुढे साखर ठेवली, गल्लीत वाटली, तुझी दृष्ट काढली. तू निघायचा दिवस सांगितलास. ती म्हणाली, "त्या दिसापस्तोर तर धोंड्याचा महिना लागतोय."

त्या साली श्रावण अधिक आला होता. तुझं जहाज नेमकं त्या अधिक महिन्यात.

"मंग काय झालं?" तू म्हणालास.

"काय झालं म्हंजे? धोंड्याच्या महिन्यात कुणी वेस वलांडतंय का? आन् तू गेल्यावर माझ्या नवऱ्याला वाण कोण देणार? आई न्हाई, बाप न्हाई. माझं म्हायेर म्हंजे तू एकटा. का तुझा जर्मनीचा राजा येऊन धोंडे जेवू घालतोय जावयाला?"

"अक्का, जहाज हाय ते. बैलगाडी न्हाई."

"एकच महिना. तेवढ्यात जर्मनी वाळून जायलीय का?"

मी म्हटलं, "मला वाण नको. मी असाही जाडच आहे."

"तुमाला कुणी इचारलंय?" ती म्हणाली.

वेड घेऊन पेडगावला जाणारे लोक असतात. तुझी अक्का मूळची पेडगावची, तिला तेवढाही प्रवास करावा लागत नसे. तिला सगळं समजत होतं. पण तिला नाही म्हणायचं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर तू भांडला असतास, मी भांडलो असतो, आणि भांडून का होईना तू गेला असतास. ती फक्त महिना सांगत होती. महिन्याशी कोण भांडणार?

तू मुंबईला तार केलीस, पुढच्या जहाजावर जागा घेतलीस. मला वाण दिलंस, चांदीच्या दिव्यासह. अक्कानं पुरणाचे धोंडे केले होते. तू वाढायला बसलास, "घ्या दाजी, हे धोंडं जर्मनीच्या वाटंतलं हाय," म्हणालास. आम्ही तिघंही हसलो. खरोखर हसलो, विश्वनाथ. त्या वेळी त्यात काही कडू नव्हतं.

अधिक संपला, निज श्रावण लागला. अक्कानं सोमवार धरले होते. "पहिला सोमवार तर होऊ दे. महादेवाचा महिना सोडून कुणी जातं का?" तो झाल्यावर, "आता पोळा तोंडावर आलाय. पोळा झाला की मी स्वता हातावर दही घालते." तू पुन्हा तार केलीस. तुझा नवा लोकरी कोट हैदराबादहून शिवून आला होता. भर उकाड्यात तो घालून तू अंगणात फिरून दाखवलास, आणि अक्का खांबाला टेकून बघत राहिली.

श्रावणातला सोमवारच होता. मोंढ्यात एका आडत्याच्या पेढीवर रेडिओ होता, तिथे माणसं गोळा झाली होती. तू संध्याकाळी घरी आलास. अक्का उपास सोडायच्या स्वयंपाकाला लागली होती.

"लढाई सुरू झाली," तू म्हणालास.

"कुणाची?"

"इंग्रजांची आन् जर्मनांची."

तिचा हात थांबला. "म्हंजे आगबोट?"

"बंद."

"किती दिस?"

"म्हाईत न्हाई."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. ते तिनं उतरवलं. मग म्हणाली, "हातपाय धू. भाकर गार व्हायलीय." तू जेवलास, मी जेवलो. तिनं त्या दिवशी उपास सोडला नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तूही नाही. दुसऱ्या दिवशी तो कोट कडुलिंबाच्या पाल्यात घालून तिनं पेटीत ठेवला.

मग गल्लीनं निकाल लावला. तुझ्यासोबत निवडला गेलेला बीडकडचा मुलगा ठरल्या जहाजानं गेला होता. त्याच्या घरी पुढे त्याची खबरच येईना. लोक म्हणायला लागले, "बहिणीनं वाचिवलं, धोंड्यानं वाचिवलं." अक्काच्या पाया पडायला बाया यायच्या. ती पाय मागे घ्यायची. ज्या बाईनं दारावर आलेल्या भिकाऱ्याचीही फिरकी घ्यावी, ती या एका गोष्टीवर कधी बोलली नाही. तूही बोलला नाहीस. पुढे पुन्हा धोंड्याचा महिना आला. तू न चुकता वाण आणलंस, तिनं धोंडे केले, आणि आम्ही तिघं आपापल्या ताटाकडे बघत जेवलो. विनोद करायचं काम त्या घरात माझं. त्या दिवशी मला एकही सुचला नाही.

तू परभणीच्याच शाळेत रसायनाचा मास्तर झालास. पोरं तुला मागून 'जर्मन' म्हणायची. एकदा गंगाखेडला गोदेच्या घाटावर बसलो असताना मी तुला सरळ विचारलं. अक्का वर देवळात होती. मी म्हटलं, "विश्वनाथ, तुझा तिच्यावर राग आहे का?"

तू पाण्यात खडे टाकत होतास. म्हणालास, "दाजी, मास्तरला जर्मनमधी लेरर म्हनतेत. त्याचं अनेकवचन सांगा."

"मला वाहिदच तेवढा ठाऊक."

"लेररच. एक असू का धा असू. काही शब्द जागचे हालत न्हाईत. त्यायला काय कमी समजायचं का?"

हे उत्तर होतं की उत्तर टाळणं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही कळत नाही. पण त्याच घाटावर, देवळाच्या पायऱ्या उतरणाऱ्या अक्काकडे बघत, तू आणखी एक गोष्ट सांगितलीस. जर्मनमध्ये आईबापांना मिळून एक शब्द आहे, एल्टर्न. त्याला एकवचनच नाही. आई आणि बाप दोघं असतात म्हणून तो नेहमी जमाच. "ती जर्मन मान्सं चुकली," तू म्हणालास. "आपल्या घरी हाय की त्याचा वाहिद." अक्का खाली आली आणि म्हणाली, "काय ठरायलंय दोघांचं?" आपण म्हटलं, काही नाही.

हे तिला कोण सांगणार होतं? मी सांगायला पाहिजे होतं असं नाही. ते तुझं होतं. मी इतकी वर्षं वाट पाहिली, की आज सांगशील, उद्या सांगशील.

लढाई संपली तेव्हा मी म्हटलं, आता जा. तू उर्दू अखबारात आलेलं एक चित्र माझ्यापुढे ठेवलंस. ज्या शहरात तू शिकणार होतास, त्याचं. रांगेनं घरं, एकालाही छप्पर नाही, खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मी सवयीनं "हाउस" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते चित्र तू अक्काला दाखवलं नाहीस. अखबाराची घडी करून खिशात घातलीस. मला वाटलं होतं तू दाखवशील, म्हणजे तिच्या मनावरचं ओझं उतरेल. मग लक्षात आलं, ते चित्र दाखवणं म्हणजे तिच्या मनावर ओझं आहे हे तुला माहीत आहे असं सांगणं. तुमच्या दोघांचं प्रेम असं अवघड होतं बाबा. त्याला खरंच काही कायदा नव्हता.

आणि मग हा चैत्र, आणि हा मुदतीचा ताप. डॉक्टर रोज यायचे. अक्का उशाशी, मी पायाशी. एका दुपारी ती पाणी आणायला आत गेली तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "फाटर."

मला वाटलं बापाची आठवण झाली. पण तू माझ्याकडे रोखून बघत होतास, आणि मग पुन्हा, हळू, चालीत, "फाटर!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू चालीवर वाहिद सांगत होतास.

"फेटर," मी म्हणालो.

"मुटर."

"म्यूटर."

"श्वेस्टर."

"श्वेस्टर्न."

तुझ्या ओठांना हसू फुटलं. "दाजी! तुमाला तर सगळी जमा येतीया."

"इतकी वर्षं तुझ्या तोंडून ऐकतोय. दगडालाही आली असती."

"मंग बोलले का न्हाई कधी?"

"नवाबसाहेबांना वचन दिलं होतं. वाहिद माझ्याकडे, जमा तुझ्याकडे."

म्हणजे वर दिलेली दवंडी खोटी आहे, विश्वनाथ. जिल्ह्यात अजून एक इसम आहे. पण त्याला वाहिद ओरडून सांगणारं कोणी राहिलं नाही, तेव्हा सरकारी हिशेबानं तो धरू नये.

तू गेलास तेव्हा दिवस चांगला वर आला होता. गल्लीतल्या बाया रडत होत्या. अक्का रडली नाही, बोलली नाही. तुला अंघोळ घालताना, विभूती लावताना ती हवं ते हातात देत राहिली. आपल्यात माणसाला आडवं नेत नाहीत, डोलीत बसवून नेतात. तुला बसवलं, मागे टेकू दिला, फुलांच्या माळा सोडल्या. तू पुढे तोंड करून बसला होतास, लांबच्या गाडीत जागा मिळालेल्या माणसासारखा. दारात जंगमस्वामी उभे होते. त्यांनी शंख फुंकला. चौघांनी वाकून डोलीला खांदा लावला.

तेव्हा अक्का पुढे झाली. बायांनी तिला धरायला हात केले, ते तिनं बाजूला सारले. तिनं डोलीचा बांबू दोन्ही हातांनी धरला, आणि खांदेकरी थांबले, स्वामी थांबले, आणि ती तुझ्या तोंडाकडे बघून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, एकदम बोलून गेली:

"आता कोणता महिना सांगू रं तुला?"